कार्यालयातील दिवाळी हजेरीपटापुरती नको

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

नवरात्र तोंडावर आले की शहरांतील कार्यालयांमध्ये दिवाळीच्या तयारीची पत्रके निघू लागतात. पारंपरिक वेश करून कोणत्या दिवशी यायचे, रांगोळी आणि आकाशकंदिलाच्या स्पर्धेसाठी कोणत्या विभागाने कोणता कोपरा सजवायचा, फराळ किती वाजता आणि भेटवस्तूंचे वाटप कोणत्या मजल्यावर, हे सारे त्यात असते. या उत्साहाविषयी माझी काहीही तक्रार नाही. ज्यांच्याबरोबर आपण दिवसाचा सर्वांत मोठा भाग घालवतो त्यांच्याबरोबर सण साजरा करावासा वाटणे ही चांगलीच गोष्ट आहे. पिंपरी-चिंचवड परिसरातील एका खासगी कंपनीच्या प्रशासन विभागात मी नोकरीची बहुतेक वर्षे काढली आणि अशा समारंभांची व्यवस्था पाहणे हा माझ्या कामाचाच भाग होता. त्या वर्षांत मला एक गोष्ट सतत खटकत राहिली. ती आपल्या वाचकांपुढे, विशेषतः मनुष्यबळ आणि प्रशासन विभागांत काम करणाऱ्या वाचकांपुढे मांडावी म्हणून हे पत्र लिहीत आहे. कार्यालयातील सण बहुतेक ठिकाणी कंपनीच्या हजेरीपटावरील नावांपुरता साजरा होतो आणि त्याच छपराखाली रोज आठ ते बारा तास राबणारी कंत्राटी माणसे त्या सणात असतात ती फक्त कामासाठी.

भेटवस्तूंच्या वाटपाची पद्धत ज्यांनी जवळून पाहिली नसेल त्यांच्यासाठी ती थोडी सविस्तर सांगतो. सुक्यामेव्याचे डबे, मिठाईचे खोके, स्टीलची भांडी किंवा मिक्सरसारखी घरगुती उपकरणे यांची मागणी पुरवठादाराकडे दिवाळीच्या महिना-दीड महिना आधी नोंदवावी लागते, कारण उशीर झाला की भाव चढतात आणि हवा तो माल मिळत नाही. मागणी नोंदवताना मनुष्यबळ विभाग वेतनपत्रकावरील नावांची यादी देतो, तीत थोडे नग जास्तीचे धरले जातात आणि आकडा पक्का होतो. हे जास्तीचे नग पाहुण्यांसाठी, बँकेच्या अधिकाऱ्यांसाठी किंवा एखाद्या मोठ्या ग्राहकासाठी असतात. कंत्राटी कामगारांची नावे वेतनपत्रकावर नसतात. ती कंत्राटदाराच्या कागदावर असतात आणि तो कागद या टप्प्यावर कोणी मागवत नाही. म्हणजे या माणसांना वगळण्याचा निर्णय कोणी बैठकीत बसून घेतलेला नसतो, यादी जिथून येते तिथेच तो होऊन गेलेला असतो. पुढे टेम्पो दारात येतो तेव्हा फाटकावर त्याची नोंद करणारा रक्षक कंत्राटी असतो, खोकी उतरवून मजल्यामजल्यांवर पोहोचवणारे कंत्राटी असतात आणि वाटप झाल्यावर रिकामे पुठ्ठे, दोऱ्या नि चमकीचे कागद गोळा करणारी बाईही कंत्राटीच असते.

एका वर्षी आमच्याकडे सफाईचे काम करणाऱ्या एका बाईंनी मला विचारले, "साहेब, यातला एखादा डबा उरला तर मला सांगाल का? मुलगी रोज विचारते, तुमच्या कंपनीत दिवाळीला काय देतात." त्या बाई त्या इमारतीत माझ्या आधी येत आणि माझ्या नंतर घरी जात. कंपनीच्या दिवाळीभेटीसाठी त्यांना कोणाचा तरी डबा उरण्याची वाट पाहावी लागावी, हे मला तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही. सुरक्षारक्षक, सफाई कामगार, उपाहारगृहातले आचारी आणि वाढपी, चहा आणून देणारी मुले, माळी, बसचालक, वातानुकूलन यंत्रणा सांभाळणारे तंत्रज्ञ अशी माणसे मोजायला बसले, तर मोठ्या कार्यालयात वेतनपत्रकाबाहेरची संख्या बरीच भरते. यातील कित्येकजण त्याच इमारतीत वर्षानुवर्षे टिकून असतात. कंत्राटदार बदलतो, गणवेशाचा रंग बदलतो, माणूस मात्र तोच राहतो. उलट वेतनपत्रकावरचा अधिकारी दोन-तीन वर्षांत नोकरी बदलून निघून जातो. तरीही त्या कार्यालयाचा माणूस म्हणून भेट मिळते ती त्या अधिकाऱ्याला.

मी हा विषय वरिष्ठांपुढे मांडला तेव्हा मला जे सांगण्यात आले, तेच नंतर इतर कंपन्यांतील समव्यवसायी मित्रांकडूनही ऐकले. ते असे की या लोकांचा मालक कंत्राटदार आहे, त्यांच्या दिवाळीचे त्याने पाहावे आणि त्यासाठी आपण त्याला बिलातून पैसे देतोच. हे उत्तर वरवर रास्त वाटते, म्हणून ते नीट तपासायला हवे. मनुष्यबळ पुरवणाऱ्या कंत्राटदाराच्या दरपत्रकात मूळ वेतनाखाली भविष्य निर्वाह निधी, राज्य कामगार विम्याचे सव्वातीन टक्के आणि बोनसचे ८.३३ टक्के अशा ओळी असतात आणि शेवटी कंत्राटदाराचा सेवाआकार असतो. बोनसची ही रक्कम मुख्य कंपनी दरमहा चुकती करते. पुढे दोनपैकी एक गोष्ट घडते. काही कंत्राटदार ती दर महिन्याच्या पगारातच मिसळून देतात, त्यामुळे वर्षभर ती घरखर्चात विरून जाते आणि दिवाळीला कामगाराच्या हातात वेगळे असे काहीच पडत नाही. काही कंत्राटदार ती वर्षअखेरपर्यंत आपल्याकडे ठेवतात. दरम्यान कंत्राट दुसऱ्याकडे गेले, तर आधीच्याकडे अडकलेल्या महिन्यांचा बोनस मिळवण्यासाठी कामगाराला त्याच्या कार्यालयाचे उंबरठे झिजवावे लागतात. पुष्कळजण चार खेपा घालून नाद सोडतात. त्या दिवसांत कंपनीच्या लेखा विभागाकडे मात्र बोनसची रक्कम चुकती केल्याची बिले व्यवस्थित लावलेली असतात.

येथे थोडा इतिहास आठवावासा वाटतो, कारण दिवाळीचा पैसा ही मालकाची मर्जी की कामगाराचा वाटा, हा वाद आपल्या मुंबईने दीर्घकाळ लढवला आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात गिरण्यांचा नफा वाढला तेव्हा कामगारांना अधिकची रक्कम मिळू लागली आणि पुढे ती वार्षिक बोनस म्हणून रुळली. १९२३ साली गिरणीमालकांनी त्या वर्षी बोनस मिळणार नाही असे जाहीर केले आणि १९२४ च्या जानेवारीत लाखाहून अधिक गिरणी कामगार संपावर गेले. सरकारने उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लाउड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि त्या समितीने असा निर्वाळा दिला की कामगारांना बोनसचा कोणताही हक्क पोहोचत नाही. संप मिटला, पण प्रश्न मिटला नाही. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये कामगार अपील न्यायाधिकरणाने बोनस काढण्याचे सूत्र घालून दिले, १९६१ मध्ये मेहेर यांच्या अध्यक्षतेखाली बोनस आयोग नेमला गेला आणि त्यानंतर १९६५ चा बोनस कायदा आला. किमान ८.३३ टक्के म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, कमाल २० टक्के, वर्षात तीस दिवस काम केलेला माणूसही पात्र आणि हिशेबाचे वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांच्या आत रक्कम हातात पडली पाहिजे, हे त्याचे मुख्य सूत्र. त्या कायद्याची जागा आता २०१९ च्या वेतन संहितेने घेतली असली तरी किमान आणि कमाल दर तेच राहिले आहेत. गिरणगावातील १९८२ चा ऐतिहासिक संप उभा राहण्याआधी, १९८१ च्या दिवाळीच्या सुमारास काही गिरण्यांत असंतोष पेटला होता तोही बोनसवरूनच.

हा इतिहास येथे मांडण्याचे कारण असे की इतक्या लढ्यांनंतर दिवाळीचा वाटा मर्जीतून हक्कात आला आणि कंत्राटी पद्धतीने एका मोठ्या वर्गासाठी तो पुन्हा मर्जीत ढकलला. कायद्याचा आकडा कागदावर पाळला जातो, पण दिवाळीच्या आधी हातात काहीतरी पडणे, घरच्यांना सांगता येईल असे आपल्या कामाच्या ठिकाणाहून काही मिळणे, हे त्यातून निघून जाते. बोनसचे हे गाऱ्हाणे कामगार संघटनांनी आणि कामगार खात्याने हाताळायचे आहे आणि त्यांनी ते हाताळावे. परंतु भेटवस्तू, फराळ आणि सणाचा कार्यक्रम यांसाठी कोणत्याही सरकारी खात्याची वाट पाहण्याची गरज नाही. त्या गोष्टी कंपनीच्या व्यवस्थापकांच्या हातात आहेत आणि पुष्कळदा एका मध्यम दर्जाच्या अधिकाऱ्याच्या हातात असतात.

आता दुसरी हरकत. कायदा विभागाचे लोक सांगतात की कंत्राटी कामगाराला कंपनीने थेट भेट दिली, आपल्या समारंभात सामील करून घेतले, तर उद्या तो न्यायालयात जाऊन मी या कंपनीचाच कामगार आहे असा दावा करील आणि भेटीचा फोटो पुरावा म्हणून दाखवील. ही भीती मी अनेकांच्या तोंडून ऐकली आहे आणि तिच्यामुळे पुष्कळ चांगल्या मनाची माणसेही मागे हटतात, म्हणून तिचे उत्तर स्पष्ट देतो. एअर इंडियाच्या उपाहारगृहातील कामगारांच्या प्रकरणात, बलवंत राय सलुजा खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मालक-नोकर संबंध ठरवताना कोणते मुद्दे पाहावेत ते सांगितले आहे. नेमणूक कोण करतो, पगार कोण देतो, कामावरून काढण्याचा अधिकार कोणाला आहे, शिस्तभंगाची कारवाई कोण करू शकतो, सेवेत सातत्य आहे का आणि कामावर नियंत्रण व देखरेख कोणाची नि कितपत आहे, असे ते मुद्दे आहेत. लाडवाचा डबा, पणत्यांची जोडी किंवा समारंभातील खुर्ची यांचा त्यात कोठेही उल्लेख नाही. ज्या कंपनीचे कंत्राट खरे आहे तिला सुक्यामेव्याच्या डब्याने धोका पोहोचत नाही आणि जिचे कंत्राट नावापुरते आहे तिला तो डबा न दिल्याने संरक्षण मिळत नाही.

भेट कंपनीच्या दिवाळी कार्यक्रमाचा भाग म्हणून त्या परिसरात काम करणाऱ्या सर्वांना दिली आहे, असे एका ओळीचे टिपण फायलीत ठेवले तरी काळजी करणाऱ्यांचे समाधान व्हायला हरकत नाही. भेट कंत्राटदारामार्फत पाठवावी, असाही सल्ला दिला जातो. तो मला मान्य नाही. कंत्राटदाराच्या गोदामात गेलेली खोकी सगळी कामगारांपर्यंत पोहोचतातच असे नाही आणि पोहोचली तरी रोज ज्यांच्यासाठी काम केले त्यांच्या हातून मिळाल्याचे समाधान त्यात राहत नाही.

खरे तर हे सारे आपल्याला नवे नाही. भोसरी, चाकण किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील लहान कारखान्यांत खंडेनवमीला किंवा दसऱ्याला यंत्रपूजा होते ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. आदल्या दिवशी लेथ, ड्रिलिंग, मिलिंगची यंत्रे बंद करून धुऊनपुसून ठेवतात, त्यांना हळदकुंकू आणि झेंडूचे हार घालतात, ज्याचे यंत्र तो नारळ फोडतो आणि प्रसादाचा पेढा मालकापासून हेल्परपर्यंत सर्वांना एकाच परातीतून मिळतो. अनेक ठिकाणी त्या दिवशी कामगार आपल्या बायकामुलांना कारखाना दाखवायला आणतात. पेढा देताना कोणाचा पगार कोण काढतो असे कोणी विचारत नाही. संध्याकाळी आपट्याची पाने एकमेकांना देतात, संक्रांतीला तिळगूळ देतात. या देवाणघेवाणीत प्रत्येकजण देतो आणि प्रत्येकजण घेतो. शिपाई साहेबाला सोने देतो, साहेब शिपायाला देतो आणि दोघांच्या हातातली पाने सारखीच असतात. मुंबईच्या लोकल गाड्यांत दसऱ्याच्या सुमारास रोजचे प्रवासी आपला डबा सजवून पूजा करतात, प्रसाद वाटतात, तेव्हाही डब्यात शेजारी उभा असलेला अनोळखी माणूस रिकाम्या हाताने उतरत नाही. गोव्यात नाताळला दोदोल, नेवऱ्या, बिबिंका यांचे ताट धर्म न विचारता शेजारी जाते. आपल्या घरांत, वाड्यांत आणि छोट्या कारखान्यांत जे सहज घडते ते काचेच्या मोठ्या इमारतीत घडत नाही, याचे कारण मला तरी यादी कोठून आली याखेरीज दुसरे दिसत नाही.

समारंभाच्या दिवसाविषयीही लिहिले पाहिजे. फराळाचा किंवा स्नेहभोजनाचा कार्यक्रम असतो त्या दिवशी कंत्राटी कामगारांचे काम कमी होत नाही, दुपटीने वाढते. खुर्च्या मांडणे, ताटल्या लावणे, सांडलेले पुसणे, सजावट उतरवणे हे सर्व त्यांच्याकडे. सगळ्यांचे जेवण उरकल्यावर, भांड्यांच्या तळाशी जे राहते ते त्यांना घ्यायला सांगतात आणि सांगणाऱ्याला आपण औदार्य दाखवले असेच मनापासून वाटते. कार्यक्रम संध्याकाळी लांबला तर सफाई करणाऱ्या स्त्रियांना रात्री उशिरापर्यंत थांबावे लागते. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ नुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रियांना कामावर ठेवायचे असेल, तर त्यांची संमती हवी आणि त्यांच्या सुरक्षिततेची नि घरी पोहोचण्याची सोय मालकाने केली पाहिजे. ज्या कार्यालयात अधिकारी स्त्रियांसाठी पार्टीनंतर गाड्या ठरवल्या जातात, तिथेच सफाईच्या बायका शेवटची बस गाठण्यासाठी मुख्य रस्त्यापर्यंत अंधारात चालत जाताना मी पाहिल्या आहेत. एखादी गाडी आणखी ठरवण्यास फार खर्च येत नाही. त्यांची आठवण मात्र वेळेवर व्हावी लागते.

वगळण्याची एक दुसरी तऱ्हाही आपल्या कार्यालयांत आहे आणि ती कंत्राटाशी संबंधित नाही. संक्रांतीनंतर अनेक कार्यालयांत हळदीकुंकू होते. वाण लुटले जाते, उखाणे घेतले जातात आणि त्या तासाभरात विधवा सहकारी स्त्री काहीतरी काम काढून दुसऱ्या मजल्यावर निघून जाते. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावाच्या ग्रामसभेने २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही त्याचे अनुकरण करण्याचे आवाहन केले. शिरोळ तालुक्यातील एका गावाला जे जमले ते पदवीधरांनी भरलेल्या कार्यालयाला जमायला हवे. ज्यांनी हा कार्यक्रम सर्व स्त्रियांसाठी तिळगुळाचा आणि वाणाचा केला आहे त्यांच्याकडे मी स्वतः पाहिले आहे की उत्साह तसूभरही कमी होत नाही. आणि वाण सफाईच्या बाईंपर्यंतही गेले पाहिजे, हे वेगळे सांगायला नको.

नाताळच्या सुमारास चिठ्ठ्या टाकून एकमेकांना गुपचूप भेट देण्याचा जो खेळ अलीकडे सर्वत्र खेळला जातो, त्याविषयी माझे मत थोडक्यात सांगतो. खेळ गोड आहे, त्यामुळे एरवी न बोलणारी माणसे एकमेकांच्या आवडीनिवडी विचारू लागतात. पण भेटीची किंमत पाचशे, सातशे रुपये अशी ठरवली जाते तेव्हा नुकताच नोकरीला लागलेला, गावाकडे पैसे पाठवणारा मुलगा नाही म्हणू शकत नाही. वाढदिवस, निरोप समारंभ, सजावट, पारंपरिक वेशाच्या दिवसाचे छायाचित्रण या सर्वांची वर्गणी मोबाइलवरच्या गटात नावानिशी मागितली जाते आणि कोणी दिली, कोणी राहिली हे सर्वांना दिसते. वर्गणी ऐच्छिक आहे असे लिहिलेले असते, परंतु जिथे नावे दिसतात तिथे ती ऐच्छिक राहत नाही. किंमत शंभर रुपयांच्या आत ठेवावी किंवा भेट हाताने केलेली असावी असे ठरवणारे गट मी पाहिले आहेत, आणि तिथे चहावाला मुलगाही चिठ्ठी टाकू शकतो.

सण कोणाचा, हाही प्रश्न विचारायला हवा. वर सांगितलेल्या २०१७ च्या अधिनियमात आठ सुट्ट्यांची तरतूद आहे. प्रजासत्ताक दिन, महाराष्ट्र दिन, स्वातंत्र्य दिन आणि गांधी जयंती या चार ठरलेल्या आहेत आणि उरलेल्या चार मालक व कामगार यांनी मिळून ठरवायच्या आहेत. प्रत्यक्षात मिळून ठरवणे क्वचितच होते. मनुष्यबळ विभागाकडून छापील यादी येते. ईद, चौदा एप्रिलची जयंती किंवा दसऱ्याच्याच दिवशी येणारा धम्मचक्र प्रवर्तन दिन यांचे महत्त्व ज्या सहकाऱ्यांच्या घरी मोठे आहे त्यांना त्या दिवशी कार्यालयाच्या सूचनाफलकावर एक ओळ शुभेच्छेचीही दिसत नाही. कर्मचाऱ्यांना विचारून यादी केली तर ही उणीव सहज भरून निघेल.

खर्चाचा मुद्दा शेवटी येतोच, म्हणून त्याचा हिशेब मांडतो. समजा, एका कार्यालयात वेतनपत्रकावर ४०० माणसे आहेत आणि प्रत्येकाला १,५०० रुपयांची भेट द्यायची आहे. खर्च सहा लाख रुपये होतो. त्याच इमारतीत ८० कंत्राटी माणसे असतील तर एकूण ४८० होतात आणि सहा लाखांतच प्रत्येकाला १,२५० रुपयांची भेट देता येते. अडीचशे रुपयांनी डबा हलका झाला म्हणून कोणाची दिवाळी उणी होणार नाही, हे मी अशी वाटपे वर्षानुवर्षे पाहिल्यावर खात्रीने सांगू शकतो. भेट सर्वांना एकच असावी, हा माझा आग्रह आहे. कर्मचाऱ्यांना सुकामेवा आणि कंत्राटी लोकांना सोनपापडी, अशी दोन प्रतीची वाटपे मी पाहिली आहेत आणि घेणाऱ्यांचे चेहरेही पाहिले आहेत. तसे करण्यापेक्षा सर्वांना एकसारखा साधा डबा द्यावा. महिला बचत गटांकडून चकली, चिवडा, शंकरपाळे, करंज्या घेतल्या तर रक्कम योग्य हातांत जाते आणि मालही चांगला असतो, फक्त मागणी लवकर नोंदवावी लागते, कारण त्यांच्याकडे मोठी यंत्रे नसतात. डब्याबरोबर एखादा दिवाळी अंक दिला तर तो घरातल्या तीन-चार माणसांच्या हाती फिरतो. पूर्वी बँका आणि विमा कार्यालयांत कर्मचारी वर्गणी काढून दिवाळी अंक घेत आणि आळीपाळीने वाचत, ती पद्धत अजून काही ठिकाणी टिकून आहे आणि ती वाढावी असे मला वाटते.

सरकारी क्षेत्रात काय करावे हे सांगण्याचा माझा अधिकार नाही, कारण माझा अनुभव खासगी कंपनीतला आहे. तेथील कर्मचाऱ्यांना भेटी घेण्याबाबत वर्तणूक नियमांची बंधने आहेत आणि ती योग्यच आहेत. तरीही राज्य सरकार अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांना दिवाळीत २,००० रुपये भाऊबीज भेट देते, याची येथे आठवण करून द्यावीशी वाटते. या स्त्रिया मानधनावर काम करतात, नियमित सरकारी कर्मचारी म्हणून त्यांची नोंद नाही, आणि तरी त्यांचा सण सरकारला स्वतंत्रपणे ध्यानात ठेवावा लागला. रक्कम फार लहान आहे आणि ती वाढावी अशी त्यांच्या संघटनांची मागणी रास्त आहे. पण पगारी यादीबाहेरच्या माणसाला सणाला काही देता येत नाही, हे म्हणणे त्या एका उदाहरणाने खोटे ठरते.

दिवाळीच्या मागण्या अजून पुरवठादारांकडे जायच्या आहेत, म्हणून प्रशासन आणि मनुष्यबळ विभागांतील माझ्या व्यवसायबंधूंना आणि भगिनींना माझी विनंती आहे की आकडा पक्का करण्यापूर्वी प्रत्येक कंत्राटदाराकडून त्या इमारतीत प्रत्यक्ष काम करणाऱ्यांची नावे मागवून घ्यावीत. रात्रपाळीचे रक्षक आणि साप्ताहिक सुट्टीच्या बदलीवर येणारी माणसे त्यात धरली आहेत ना, ते तपासावे आणि फराळाचा कार्यक्रम पाळी बदलण्याच्या वेळेला जोडून ठेवावा, म्हणजे दोन्ही पाळ्यांना बसून खाता येईल. कंत्राटाचे नूतनीकरण करताना बोनसची रक्कम दिवाळीपूर्वी एकरकमी कामगाराच्या खात्यात जमा करून त्याचा पुरावा सादर करावा आणि कंत्राट बदलले तर थकलेला बोनस चुकता झाल्याशिवाय शेवटचे बिल मंजूर होणार नाही, अशी अट घालावी. मुख्य कंपनीने ती घातली तर कंत्राटदार ती पाळतो, कारण त्याचे पैसे त्याच कंपनीकडून यायचे असतात. लक्ष्मीपूजनाच्या रात्री बंद कार्यालयाच्या फाटकावर जो रक्षक कामावर असेल, त्याचा डबा आधीच त्याच्या नावाने बाजूला काढून ठेवावा, कारण वाटपाच्या दिवशी नेमकी त्याचीच सुट्टी असण्याचा संभव असतो.

आपला विश्वासू,
एक निवृत्त प्रशासन अधिकारी,
चिंचवड, पुणे